युद्धकाळातील तेलवाहतूक आणि आपले डिझेल

मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की नरसी नामदेव परिसरात सोयाबीन पेरणीची एकच घाई उडते. या आठ-दहा दिवसांत डिझेल मिळाले नाही तर पेरा लांबतो व उत्पादन घटते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते आणि ते समुद्रमार्गे येते. मुंबईला ते जवाहर द्वीपावर उतरते, माहुलला शुद्ध होते. तयार डिझेल नळाने मनमाडपर्यंत जाते व पुढे टँकरने गावोगावी. १९७४ साली मुंबई हायचे तेल सापडले, पण गरज त्याहून कितीतरी मोठी आहे.

आखातातील जहाजे होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडतात. ती अरुंद जागी सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. इराण-इराक युद्धात १९८४ ते १९८८ या काळात येथे तेलवाहू जहाजांवर हल्ले झाले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा आपल्याकडे इंधनावर आखाती अधिभार बसला. डिसेंबर २०२३ मध्ये तर सौदी तेल घेऊन मंगळूरला निघालेल्या 'केम प्लूटो' जहाजावर अरबी समुद्रातच हल्ला झाला.

युद्धात जहाजाचा विमा वाढतो. पण भाववाढीचे सारे खापर विम्यावर फोडणे बरोबर नाही. समजा, जहाजाची किंमत १० कोटी डॉलर आणि एका फेरीचा जादा विमा १ टक्का, म्हणजे १० लाख डॉलर. मोठ्या जहाजात २० लाख पिंप तेल मावते. एका पिंपात १५९ लिटर. हिशेब केला तर लिटरमागे बोजा पाव रुपयाच्या आसपास पडतो.

खरा ताण फेऱ्यांचा असतो. कयाधूला पूर आला आणि लांबच्या वाटेने जावे लागले, तर दिवसाला तीन खेपा करणारी गाडी दोनच करते. गाडी तीच, बैल तेच, माल मात्र कमी पोचतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या जहाजांचे हेच झाले. युरोपच्या फेरीला दहा ते चौदा दिवस अधिक लागू लागले. नवे जहाज बांधायला दोन-तीन वर्षे जातात, म्हणून भाडे भडकते.

खतांचेही तसेच. युरियासाठी लागणारा वायू कतारहून, तर फॉस्फरिक आम्ल मोरोक्को, जॉर्डनकडून येते. डीएपीची टंचाई झाल्यास अडून बसू नये. सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद व ३० किलो पालाश द्यावयाचे झाल्यास एकरी सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या तीन गोण्या, २६ किलो युरिया व २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश पुरते. सुपर फॉस्फेटमधील गंधक तेलबियांना मानवते. बियाण्यास रायझोबियम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू लावावेत.

डिझेल वाचविण्यासाठी खोल नांगरट दरवर्षी न करता तीन वर्षांतून एकदा करावी. ट्रॅक्टरचे एअर फिल्टर पेरणीपूर्वी साफ करावे. टंचाईच्या भीतीने घरात डिझेलचे कॅन भरून ठेवू नयेत, आगीचा धोका असतो.