मूतखड्याचा रोगी आणि संभाषणयंत्र

चंदीगढच्या आग्नेय भागात, निवासी सेक्टरांपासून वेगळी आखलेली कारखान्यांची वसाहत आहे. शहरात तिला ‘इंडस्ट्रियल एरिया’ याच नावाने ओळखतात. उन्हाळ्यात येथे पारा ४० अंशांच्या वर चढतो. पत्र्याच्या छपराखाली भट्टीजवळ उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या शरीरातील बरेचसे पाणी घामावाटे निघून जाते. त्यामुळे मूत्र थोडे व दाट होते आणि त्यात विरघळलेले कॅल्शियम, ऑक्झलेट यांसारखे पदार्थ स्फटिकरूपाने साचू लागतात. पुढे त्यांचाच मूतखडा बनतो.

समजा, अशा एखाद्या कामगाराच्या कुशीत मध्यरात्री कळ उठली. १९६२ साली स्थापन झालेली पी. जी. आय. ही प्रख्यात वैद्यकीय संस्था याच शहरात आहे. परंतु तेथे जावयाचे तर दिवसाची मजुरी बुडते. उलट, मोबाइलमधील संभाषणयंत्र, म्हणजेच चॅटबॉट, क्षणार्धात व विनामूल्य उत्तर देते. त्या उत्तरावर त्याने कितपत विसंबावे?

याचा उलगडा यंत्राच्या रचनेतून होतो. अफाट लिखित मजकुराच्या अभ्यासावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येणे संभवनीय आहे, हे चॅटबॉट शिकलेला असतो. काही चॅटबॉट उत्तरापूर्वी इतरत्रचे लिखाणही धुंडाळतात; तथापि वाक्ये जुळविण्याची रीत तीच राहते. म्हणून बरोबर व चूक, दोन्ही उत्तरे सारख्याच सफाईने येतात. अशा सफाईचा मनुष्यावर फार प्रभाव पडतो. १९६६ साली जोझेफ वायझेनबाउम या शास्त्रज्ञाने ‘एलायझा’ नावाचा अगदी साधा संभाषक कार्यक्रम प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्यापुढेही लोक आपले मन उघडे करू लागले, हे पाहून तो स्वतःच चकित झाला.

मूत्ररोगांच्या बाबतीत या यंत्रांची परीक्षा झालेली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चॅटजीपीटीला रोग्यांचे १८ प्रश्न विचारण्यात आले. तज्ज्ञांनी त्यांपैकी १४ उत्तरे योग्य ठरविली. उरलेल्यांत मुख्य दोष आढळला तो महत्त्वाची माहिती गळाल्याचा. शिवाय उत्तरांची भाषा सामान्य वाचकास जड होती. चॅटबॉट दिवसेंदिवस सुधारत आहेत, हे खरे. पण गळालेली माहिती रोग्यास दिसत नाही, ही अडचण कायम आहे.

पाण्याचेच उदाहरण घ्यावे. खडा पुन्हा होऊ नये म्हणून दिवसाकाठी सुमारे अडीच लिटर मूत्र होईल इतके पाणी प्यावे, हा सल्ला बहुतेकांना हितकर आहे. परंतु ज्याचे हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे झाले आहे, त्याला तोच सल्ला अपायकारक ठरू शकतो. रोग्याने ही गोष्ट सांगितली नाही आणि यंत्राने विचारली नाही, तर बरोबर वाक्यही घातक होते. खड्यात कॅल्शियम असते म्हणून दूध वर्ज्य करावे, हा समज तर सर्वत्र आढळतो. वास्तविक आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. दूध सोडल्यास उलट अधिक ऑक्झलेट रक्तात शिरते.

सर्वांत मोठा धोका विलंबाचा होय. सुमारे ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे पुष्कळदा आपोआप पडून जातात. पण कळेबरोबर थंडीताप आला, लघवी बंद झाली किंवा रोग्याला एकच मूत्रपिंड असले, तर प्रश्न विचारीत न बसता ताबडतोब रुग्णालय गाठले पाहिजे. मूत्रमार्ग अडून वर जंतुसंसर्ग झाला, तर तो काही तासांत जिवावर बेततो. वेदनेवाचून लघवीतून रक्त गेले, तरीही तपासणी टाळू नये. ती कर्करोगाचीही खूण असू शकते.

मग या यंत्राचा उपयोग कोणता? डॉक्टरांनी सांगितलेल्या शब्दांचा अर्थ समजून घेणे, सोनोग्राफीच्या अहवालातील संज्ञा उलगडणे, पुढच्या भेटीत विचारावयाचे प्रश्न लिहून काढणे, या कामी ते चांगले साह्य करते. मात्र पोटावर हात ठेवून तपासणे व त्या एका रोग्याचा निर्णय घेणे, ही जबाबदारी डॉक्टरांचीच आहे. चॅटबॉटने दिलेले उत्तर त्यांना दाखवावे व खात्री करून घ्यावी. तसे करण्यात संकोच मानण्याचे कारण नाही.