एका प्रश्नाला 72 सेकंद

सकाळचे सव्वासहा वाजलेत. पुण्याच्या नव्या पेठेत, गांजवे चौकातल्या चहाच्या गाडीभोवती पंधरावीस जण उभे आहेत. मे महिना. ऊन अजून इमारतींच्या वरच्या मजल्यांवरच आहे, पण डांबर रात्रभरात पुरतं निवलेलं नाही. कुणी दात घासून तडक आलाय, टॉवेल खांद्यावर तसाच. कुणी रात्रभर जागून आता झोपायला निघालाय.

"काय साहेब, कुठवर आलं?"

"पॉलिटी उरकली रात्री. आज टेस्ट हाय."

इथे सगळेच एकमेकांना साहेब म्हणतात. निम्मी थट्टा, निम्मा नवस. एकाच्या बोलण्यात लातूर ऐकू येतं, दुसऱ्याच्या बोलण्यात नंदुरबार. तिसरा नुसता चहाचा ग्लास पुढे करतो आणि मामांना काही सांगावं लागत नाही. गाडीमागची भिंत कागदांनी भरली आहे. कॉट बेसिसवर जागा. घरगुती मेस. टेस्ट सिरीज. फक्त मुलींसाठी अभ्यासिका. जुन्या कागदावर नवा डकवलेला, खालच्याची एक ओळ तेवढी दिसते.

रविवार असल्याने रस्त्यावर रिक्षा तुरळक आहेत. शास्त्री रस्ता ओलांडून सदाशिव पेठेतल्या एका बोळात शिरतो. जिना अरुंद आहे. दोन मजले चढले की दाराबाहेर चपलांचा ढीग. आत अभ्यासिका. प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेले कप्पे, प्रत्येकावर नंबर, एक ट्यूबलाइट, एक प्लग, एक छोटं शेल्फ. पंखे पूर्ण वेगाने फिरतात आणि गरम हवाच खाली ढकलतात. एसीचा हॉल पलीकडे आहे, त्याची फी वेगळी. नव्वदेक माणसं बसलेल्या खोलीत फक्त पानं उलटल्याचा आवाज. मधूनच कुणाची तरी खुर्ची करकरते आणि दोन माना वर होतात.

कप्प्यांच्या भिंती वाचण्यासारख्या आहेत. महाराष्ट्राचा नकाशा जवळजवळ सगळीकडे. एकाने घटनादुरुस्त्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहून लावल्यात: 42वी, 1976. 44वी, 1978. 73वी आणि 74वी, 1992. एकाने फक्त आईचा फोटो लावलाय. एका कप्प्यात वेळापत्रक आहे, पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत, जेवणाला वीस मिनिटं. कागद कोपऱ्यांना पिवळा पडलाय. असं वेळापत्रक पाळणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

खिडकीजवळचा मुलगा पुस्तकावर हायलायटर चालवतोय. त्याचं पान आता जवळपास पूर्ण पिवळं आहे. न अधोरेखलेल्या ओळीच उठून दिसतात. त्याच्या मागच्या कप्प्यातली मुलगी दर दहाबारा मिनिटांनी पुस्तक मिटते, पाठकोरा कागद ओढते आणि आठवेल तसं लिहीत जाते. गोदावरी. उजवीकडून दारणा, प्रवरा, सिंदफणा, मांजरा. डावीकडून शिवना, पूर्णा, प्राणहिता... इथे ती अडते. छताकडे बघते. पुस्तक उघडत नाही. बऱ्याच वेळाने मधे कुठेतरी "कादवा" लिहिते आणि मगच पान उघडून ताडून पाहते.

या दोघांची तुलना प्रयोगशाळेतही झालेली आहे. 2006 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदा वाचला आणि मग न बघता तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना 40 टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना 61. पिवळ्या पानाच्या धन्याला आत्ता विचाराल तर सगळं येतंय. तो दहा तास बसतो आणि ते दहा तास खरे आहेत, मांडी आखडेपर्यंत खरे. फक्त परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

सव्वानऊला पलीकडच्या बोळात रांग लागलेली. वर एका क्लासचा हॉल आहे, तिथे राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा सराव पेपर होणार. सगळं खऱ्यासारखं. दारात मूळ ओळखपत्र बघतात, नुसती झेरॉक्स चालत नाही. फोन पिशवीत, पिशवी कोपऱ्यात. रांग जिन्यातच अडते, कारण एक जण ओळखपत्र खोलीवर विसरलाय. तो धावत सुटतो. मागचे हसतात, पण दोघंतिघं चटकन आपले खिसे चाचपतात. जिन्यात वारा नाही. शर्ट पाठीला चिकटलेत. एक मुलगी भिंतीला टेकून, डोळे मिटून उभी आहे. तिच्या हातात फक्त दोन काळी बॉलपेनं आणि काट्यांचं घड्याळ. तिच्या पुढचा मुलगा चालू घडामोडींचं मासिक अजून सोडायला तयार नाही. दारातल्या पर्यवेक्षकाने हात पुढे केल्यावर त्याने ते दिलं, तेही बोट घालून ठेवलेल्या पानासकट.

दहाला घंटा. उत्तरपत्रिका आधीच वाटून झाल्यात, खाली कार्बन प्रत जोडलेल्या. आधी बैठक क्रमांक, मग प्रश्नपुस्तिकेचा संच: ए, बी, सी की डी. इथे पर्यवेक्षक दोनदा मोठ्याने बजावतो. तो स्वतः या परीक्षेच्या मुलाखतीपर्यंत गेलेला आहे आणि परत आलेला आहे. संचाचा गोळा चुकला की पुढचं सगळं शहाणपण दुसऱ्याच पेपरच्या नावावर जमा, हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

100 प्रश्न, 200 गुण, दोन तास. भागाकार केला तर एका प्रश्नाला 72 सेकंद येतात. त्यातून गोळा काळा करायला पाच सेकंद धरली तरी शंभर गोळ्यांची आठ मिनिटं गेली. उरलेल्या वेळात चार-चार विधानं वाचायची. "वरीलपैकी अयोग्य विधान कोणते?" यातला "अयोग्य" दिसला पाहिजे. जिन्यातली ती मुलगी प्रश्न वाचण्याआधी अशा शब्दाला पेनने वेढा घालते. मग पर्याय. खात्रीचा असेल तर लगेच गोळा. दोनांत अडकला तर समासात एक टिंब. काहीच ओळखीचं नसेल तर फुली आणि पुढे. पन्नास मिनिटांत ती शेवटच्या पानावर पोचलेली असते, निम्मे गोळे रिकामे ठेवून. मग ती परत पहिल्या पानावर येते, या वेळी फक्त टिंबांसाठी.

तिसऱ्या रांगेतला धिप्पाड मुलगा वेगळा खेळतोय. तो एकेक प्रश्न तडीस लावतो. तेविसाव्या प्रश्नावर, कुठल्याशा समितीच्या शिफारशींवर, तो बराच वेळ थांबलाय. वाचलंय, नक्की वाचलंय, डाव्या पानावर खाली होतं. पान आठवतं, उत्तर आठवत नाही. पर्यवेक्षक "एक तास झाला" म्हणतो तेव्हा तो एक्केचाळिसाव्यावर असतो. इथून पुढे त्याचं वाचन बदलतं. विधान अ वाचतो, ब वर नजर फिरवतो, गोळा भरतो.

साडेअकराच्या सुमाराला मागून एक दबका आवाज येतो, "आयला." एका मुलाने सदतिसावा प्रश्न सोडला होता, पण अडतिसाव्याचं उत्तर सदतिसाव्याच्या ओळीत भरलं. तिथून सगळं एक ओळ वर सरकलंय. पेनाने भरलेला गोळा पुसता येत नाही. तो पर्यवेक्षकाकडे बघतो. पर्यवेक्षक खांदे उडवतो. आज सराव आहे म्हणून मुलगा नुसता कपाळाला हात लावतो.

बाराला घंटा. "पेन खाली." दोघांची पेनं तरीही चालूच. बाहेर आल्यावर उन्हाने डोळे दिपतात.

दुसरा पेपर तीनला, आणि मधे तीन तास. या तीन तासांचंही एक तंत्र आहे, ते पुस्तकात नाही. रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद. त्यामुळे दुपारीच दोन वेळचं भरून घ्यायची रीत. आज मसालेभात, मठ्ठा, जिलबी. रांग फुटपाथपर्यंत आलीय. काकू वाढता वाढता म्हणतात, "पोटभर जेवा रे, संध्याकाळी चूल नाही." धिप्पाड मुलगा पाचवी जिलबी घेतो. त्याच्या शेजारी पहिल्या पेपरवर घमासान चाललंय. "बी होतं." "सी, सर, स्टेट बोर्डात दिलंय." "आयोगाने मागं हाच प्रश्न रद्द केला होता." खऱ्या परीक्षेनंतर आधी पहिली उत्तरतालिका येते, तीवर हरकती मागवतात, मग अंतिम तालिका. त्यामुळे प्रत्येक चुकीच्या उत्तराला काही आठवडे तरी आशा असते.

ती मुलगी या रांगेत नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर, सावलीत बसून ती डब्यातला दहीभात खातेय. मैत्रीण विचारते, "गोदावरीचा काय टाकलास?" ती हातानेच नको म्हणते.

तीन वाजता हॉल भट्टी झालेला असतो. दुसरा पेपर आकलन, गणित आणि बुद्धिमत्तेचा. 80 प्रश्न, पुन्हा 200 गुण. आता तो पात्रतेपुरता आहे, 33 टक्के पुरतात, यादी पहिल्याच्या गुणांवर लागते. "पुरतात" या शब्दावर बरेच जण निर्धास्त असतात. उतारे लांब आहेत आणि जिलबी आपलं काम करतेय. चौथ्या रांगेत एक मान हळूहळू खाली जाते, दचकून वर येते, पुन्हा खाली जाते. काही जण आधी उताऱ्याखालचे प्रश्न वाचतात, मग उतारा. कला शाखेतला एक मुलगा गणिताची पानं सरळ उलटून टाकतो आणि निर्णयक्षमतेचे प्रश्न गाठतो, कारण त्यांना चुकीचे गुण कापत नाहीत. त्याला आपलं दुखणं माहीत आहे.

पाचनंतर जिन्यातच हिशेब सुरू होतो. उत्तरतालिका भिंतीवर लावलीय, कार्बन प्रती पसरल्यात. पहिल्या पेपरला बरोबर उत्तराला दोन गुण, चुकीला अर्धा वजा. धिप्पाड मुलाने 92 प्रश्न सोडवलेत. 51 बरोबर, 41 चूक. 81.5. तो आकड्याकडे बघत राहतो. "अटेम्प्ट तर चांगला होता राव." ती मुलगी 76 वर थांबली होती. 54 बरोबर, 22 चूक. 97.

"म्हणजे ठोकायचंच नाही का?" कुणीतरी विचारतं.

पर्यवेक्षक मान हलवतो. चारपैकी दोन पर्याय खात्रीने कापता आले तर ठोकायचं, असं त्याचं म्हणणं. असे चार प्रश्न घेतले आणि निम्मे लागले तरी चार गुण येतात, एक जातो. काहीच कापता येत नसेल तर नशिबाशी खेळ. "आणि विधान वाचायला वेळ नाही म्हणून ठोकलं, तर ते ठोकणं नाही," तो धिप्पाड मुलाकडे न बघता म्हणतो, "ते पळणं."

दुसऱ्या पेपरचा हिशेब त्याहून चटका देणारा. एकाचे 30 बरोबर, 20 चूक. प्रत्येकी अडीच गुणांनी 75, त्यातून 12.5 गेले. उरले 62.5. पात्रतेला 66 लागतात. पहिल्या पेपरला त्याला शंभराच्या वर होते. तो काहीच बोलत नाही, कार्बन प्रतीची घडी घालतो आणि पुन्हा उलगडून पहिल्यापासून मोजायला लागतो.

मुलगी पायरीवर बसून एक वही काढते. पानावर तीन रकाने आखलेले: "माहीत नव्हतं", "गोंधळले", "नीट वाचलं नाही". 22 चुका एकेक करून त्यांत पडतात. नऊ, सहा, सात. शेवटच्या रकान्याखाली ती गुणाकार करते. प्रत्येक चुकीत मिळणारे दोन हुकले आणि वर अर्धा गेला, म्हणजे अडीच. सात गुणिले अडीच. 17.5.

"हे सात तर मला येत होते," ती मैत्रिणीला म्हणते. मैत्रीण वहीत डोकावते. "मागच्या रविवारी किती होते?" ती पान उलटते. अकरा.

अभ्यासिकेत परत जातो तेव्हा पंखे तसेच फिरताहेत. गच्चीवर मात्र थोडा वारा आहे. पाण्याच्या टाकीशेजारी, बाहेर ओढलेल्या बल्बखाली एक जण पाटावर कागद ठेवून लिहीत बसलाय. या सगळ्यांत वयाने मोठा, कानशिलं पांढरी व्हायला लागलेली. आधीची दहाबारा वर्षं मुख्य परीक्षेतही सामान्य अध्ययनाचे चारही पेपर गोळ्यांचेच होते. 2025 पासून ती वर्णनात्मक झाली. त्याची पूर्वपरीक्षा निघते, नेहमीच निघते. आता हात वळत नाही, ही त्याची तक्रार. तो बोटं मोडून दाखवतो, मधल्या बोटाला पेनाचा ताजा घट्टा.

"डोक्यात चार पर्याय असल्याशिवाय सुचतच नाही हो," तो हसतो. मग फोन माझ्या हातात देतो. "वेळ लावता का? दीडशे शब्द, आठ मिनिटं. मधे सांगू नका किती झाली."

मी घड्याळ चालू करतो. तो प्रश्न दोनदा वाचतो, कोपऱ्यात तीन मुद्दे टिपतो आणि लिहायला लागतो. स्वातंत्र्यपूर्व काळापासून सुरू केलेली ऐसपैस प्रस्तावना. तिसऱ्या मिनिटाला तो थांबतो, जीभ चावतो आणि चारही ओळींवर आडवी रेघ मारून थेट पहिल्या मुद्द्याला हात घालतो.