सातारा गुणिले सांगली बरोबर धमाल!

डिसेंबर उजाडला की सातारा-सांगलीच्या कॉलेजांत मॅथ्स डिपार्टमेंट एकदम फॉर्मात! भित्तिपत्रिका, क्विझ, पोस्टर, गणिती रांगोळी आणि विद्यार्थ्यांचे सेमिनार. निमित्त २२ डिसेंबर: श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, म्हणजेच २०१२ पासूनचा राष्ट्रीय गणित दिन. क्विझच्या टीममध्ये आहात? मग हा खुराक खिशात ठेवाच!

माहीत आहे का? रामानुजन जन्मले २२ डिसेंबर १८८७ ला. आणि कर्मवीर भाऊराव पाटील? २२ सप्टेंबर १८८७! एक इरोडचा, एक कुंभोजचा, मध्ये फक्त तीन महिने. इतर विषयांत नापास झाल्यामुळे रामानुजन यांची स्कॉलरशिप गेली होती. पैशापायी कुणाचं शिक्षण अडू नये म्हणून कर्मवीर अण्णांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं. या दोघांचे फोटो गणित दिनाला शेजारी-शेजारी लागायलाच हवेत!

आता त्या तीन महिन्यांचे दिवस मोजा. ९१! त्याला १९ ने गुणा. किती आले? १७२९! होय, रामानुजन यांना भेटायला निघालेल्या केंब्रिजच्या गणिती हार्डींच्या टॅक्सीचा तोच सुप्रसिद्ध नंबर. दोन घनांच्या बेरजेनं दोन वेगळ्या रीतींनी बनणारी सर्वांत लहान संख्या: १ आणि १२ चे घन, किंवा ९ आणि १० चे.

थांबा, ९१ सुद्धा कमी नाही. ३ आणि ४ चे घन मिळवा: ९१. ६ च्या घनातून ५ चा घन वजा करा: पुन्हा ९१. ऋण घनांना एन्ट्री दिली, तर टॅक्सीचा मान ९१ लाच!

आणखी एक. १७२९ मधले अंक मिळवा: १९. आणि १९ ने १७२९ ला पूर्ण भाग जातो. अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या अशा संख्यांना ‘हर्षद’ हे गोड नाव दिलं देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी. पदवी साधी बी.एस्सी., नाव जगभर!

१९ चा पिच्छा सुटत नाही बरं का. १९१९ साली काय-काय झालं? सांगलीत विलिंग्डन कॉलेज सुरू झालं. कराडजवळच्या काले गावात कर्मवीरांनी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. आणि तिकडे केंब्रिजमध्ये हार्डींनी विद्यार्थ्यांसाठी ट्रिनिटी मॅथेमॅटिकल सोसायटी काढली. वर १९१९ म्हणजे १९ गुणिले १०१!

ही ट्रिनिटीची मंडळी नुसती प्रमेयं सोडवत नाहीत. केंब्रिजच्याच सेंट जॉन्स कॉलेजच्या ॲडम्स सोसायटीशी त्यांची क्रिकेट मॅचही रंगते. गणितवाले विरुद्ध गणितवाले! सातारा विरुद्ध सांगली कधी?

सेंट जॉन्स म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे यांचं कॉलेज. १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर, म्हणजे केंब्रिजच्या गणित परीक्षेत अव्वल, झाले; हा मान मिळवणारे पहिले भारतीय. साताऱ्यानंही रँग्लर दिला: ग. स. महाजनी. पुढे राजस्थान, दिल्ली आणि पुणे या विद्यापीठांचे कुलगुरू. कुलगुरूपदाची हॅट्‌ट्रिक!

आता केंब्रिजहून अमेरिकेला: तिथं कॉलेजातल्या हुशार गणितवाल्यांच्या खास ऑनर सोसायट्या असतात. पाय म्यू एप्सिलॉन १९१४ ची, कप्पा म्यू एप्सिलॉन १९३१ ची. या दुसरीच्या चिन्हात चक्क पाच पाकळ्यांचा रोझ कर्व्ह आहे. रांगोळीवाल्यांनो, हा तुमचाच प्रांत! साइन ५ थीटा काढला की पाकळ्या ५. साइन ४ थीटा काढला की ४ नाही हं, ८! विषम आकड्याला तेवढ्याच, सम आकड्याला दुप्पट. चारचं गणित मांडून आठ पाकळ्यांचं फूल दारात उमललं की परीक्षकही खूश.

गणिताचा आणखी एक दिवस म्हणजे पाय डे. तो १४ मार्चलाच का? अमेरिकेत तारीख महिन्यापासून लिहितात, म्हणून ३/१४. आपण लिहितो २२/७, म्हणजे २२ जुलै! आणि माहीत आहे का, २२/७ ही किंमत ३.१४ पेक्षा पायच्या जास्त जवळ आहे. आपल्या तारखेचं पारडं जड!

आता पार्किंगमध्ये चला. एमएच-११ सातारा, एमएच-१० सांगली, एमएच-५० कराड. कुठल्याही गाडीचा चार अंकी नंबर घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, चढत्या क्रमानं लिहा, वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. तीनच अंक आले तर पुढे शून्य लावा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत गाडी ६१७४ वर पार्क! हाच तो कापरेकर स्थिरांक.

खुद्द १७२९ चालवून बघा: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. पूर्ण सात! आणि पाचव्या पायरीवर कोण भेटतं? ९९८१ वजा १८९९. परांजप्यांचं साल! फर्ग्युसनमध्ये असताना १९२७ मध्ये कापरेकरांना जे गणिताचं बक्षीस मिळालं, तेही रँग्लर परांजपे यांच्याच नावाचं.

तर गणित मंडळाला खुली ऑफर: सात पायऱ्यांची गाडी सर्वांत आधी शोधेल त्याला साताऱ्याचे कंदी पेढे, आणि गणित तोंडी करेल त्याला वर सांगलीचा भडंग!