बहुपदींचा भागाकार : शून्याची जागा सोडू नका

नववीच्या वह्या तपासताना दरवर्षी एक गोष्ट दिसते. बहुपदींच्या भागाकारात बरीच मुलं पहिली ओळ मांडतानाच चुकतात. पुढची सगळी मेहनत मग वाया जाते.

हे उदाहरण घ्या : (२क्ष³ − ५क्ष + ४) ÷ (क्ष − २)

भाज्यात क्ष² चं पद नाही. सातशे सहा लिहिताना दशक नाहीत म्हणून आपण ७६ लिहितो का? शून्य लिहून जागा राखतो. इथेही तसंच करायचं :

२क्ष³ + ०क्ष² − ५क्ष + ४

आता प्राथमिक शाळेतलाच भागाकार. क्ष ला कशाने गुणलं की २क्ष³ मिळतात? २क्ष² ने. त्याने पूर्ण भाजकाला गुणा, २क्ष³ − ४क्ष² मिळेल. ते भाज्याखाली, घाताखाली तोच घात येईल असं लिहा आणि वजा करा.

इथे जरा थांबा. ०क्ष² मधून −४क्ष² वजा करायचे आहेत, म्हणजे ० − (−४) = +४. घाईत −४ लिहिलं जातं. खालच्या ओळीला कंस घालून बाहेर वजा चिन्ह लिहा आणि कंसातल्या दोन्ही पदांची चिन्हं बदला. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, पण मी ते सोडू देत नाही.

उरले ४क्ष². वरून −५क्ष खाली घ्या. भागाकारात पुढचं पद ४क्ष. ४क्ष² − ८क्ष वजा केल्यावर ३क्ष उरतात, ४ खाली घ्या. शेवटचं पद ३. ३क्ष − ६ वजा केले की उरतात १०. यात क्ष नाही, म्हणजे बाकीची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा लहान झाली. भागाकार संपला.

भागाकार = २क्ष² + ४क्ष + ३, बाकी = १०

बरोबर आलं का, हे कुणाला विचारायची गरज नाही. भाज्य = भाजक × भागाकार + बाकी, हे सूत्र आठवा. क्ष = २ घेतलं की भाजक शून्य होतो, उजवीकडे फक्त बाकी राहते. भाज्यात २ घाला : १६ − १० + ४ = १०. जुळलं! पहिल्या वजाबाकीत −४ लिहिणाऱ्याची बाकी −२२ येते, म्हणजे चूक तिथेच सापडते.

संश्लेषक पद्धतीने हेच काम लवकर होतं, पण शून्य तिथेही लिहावंच लागतं.

आता वहीत हे सोडवा : (३क्ष⁴ − २क्ष² + ७) ÷ (क्ष + १). यात दोन ठिकाणी शून्य लागेल. बाकी ८ आली पाहिजे.