मेर्केल कोशिका कर्करोग

मेर्केल कोशिका कर्करोग : त्वचेत उद्भवणारे एक दुर्मिळ व अतिशय आक्रमक मारक अर्बुद. बाह्यत्वचेच्या तळाच्या थरात तंत्रिकांच्या (मज्जातंतूंच्या) टोकांशी लागून स्पर्शज्ञानाशी संबंधित अशा विशिष्ट कोशिका असतात. फ्रीड्रिख झीगमुंट मेर्केल या जर्मन शारीरविज्ञांनी १८७५ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मेर्केल कोशिका म्हणतात. सिरिल टोकर या विकृतिवैज्ञानिकांनी १९७२ मध्ये पाच रुग्णांवरून या अर्बुदाची प्रथम स्वतंत्रपणे नोंद केली. पुढे १९७८ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अर्बुदातील कोशिकांत मेर्केल कोशिकांतल्यासारखे कण आढळल्याने हे नाव रूढ झाले. तथापि अर्बुद नेमके याच कोशिकांपासून उद्भवते की काय, याविषयी मतैक्य नाही.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१३ मध्ये या रोगाचे प्रमाण दर लाख लोकवस्तीस सु. ०·७ होते. बहुतेक रुग्ण गौरवर्णीय व पन्नाशी उलटलेले असतात. डोके, मान व हातपाय या उन्हाला उघड्या राहणाऱ्या भागांवर अर्बुद अधिक आढळते. रोग विरळा असला, तरी रोग्यांतील मृत्यूचे प्रमाण मेलॅनोमा या अधिक परिचित मारक अर्बुदाहूनही जास्त आहे. त्यामुळे रोग्याचे आयुर्मान कोणत्या गोष्टींवर अवलंबून असते, या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे.

कारणे : यूआन चँग, पॅट्रिक मूर व त्यांचे सहकारी यांनी २००८ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठात या अर्बुदात एक नवा विषाणू शोधून काढला. त्यास मेर्केल कोशिका पॉलिओमा विषाणू म्हणतात. हा विषाणू बहुसंख्य निरोगी प्रौढांच्या शरीरात निरुपद्रवीपणे वास करतो. क्वचितच त्याचा जननिक अंश कोशिकेच्या डीएनएमध्ये कायमचा गुंफला जाऊन कर्करोग उद्भवतो. उत्तर अमेरिका व यूरोप येथील सु. ८०% अर्बुदांत तो सापडतो. प्रखर उन्हाच्या ऑस्ट्रेलियात हे प्रमाण बरेच कमी आहे. विषाणुविरहित अर्बुदांत जंबुपार प्रारणाने घडलेली असंख्य उत्परिवर्तने (जननिक द्रव्यातील बदल) असतात. विषाणूची प्रथिने काय किंवा उत्परिवर्तनांतून निर्माण झालेली प्रथिने काय, दोन्ही शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेस परकी वाटतात. म्हणूनच या रोगात प्रतिरक्षेचे बळ निर्णायक ठरते.

आयुर्मानावर परिणाम करणारे घटक : (१) रोगाचा प्रसार : निदानाच्या वेळी रोग कोठवर पोहोचला आहे, हा सर्वांत महत्त्वाचा घटक होय. अमेरिकेत १९९८ ते २०१२ या काळात निदान झालेल्या ९,३८७ रोग्यांच्या पाहणीत, अर्बुद मूळ जागीच असलेल्यांपैकी सु. ५१%, जवळच्या लसीका ग्रंथींत पोहोचलेल्यांपैकी सु. ३५% आणि दूरच्या अवयवांत पसरलेल्यांपैकी सु. १४% रोगी पाच वर्षांनंतर हयात होते. यांत अन्य कारणांनी झालेले मृत्यूही धरलेले आहेत. रोगी बहुधा वृद्ध असल्याने केवळ या कर्करोगामुळे होणारी हानी या आकड्यांवरून वाटते त्यापेक्षा कमी असते.

(२) आकारमान व खोली : २ सेंमी.पेक्षा मोठी किंवा स्नायू, कूर्चा अथवा हाड यांत शिरलेली अर्बुदे अधिक घातक असतात. मात्र लहान अर्बुदही निर्धोक समजता येत नाही. हाताला ग्रंथी लागत नसलेल्या सु. एक-तृतीयांश रोग्यांत पहारेकरी ग्रंथीच्या (अर्बुदाकडील लसीका जिच्यात प्रथम पोहोचते त्या ग्रंथीच्या) सूक्ष्मदर्शकीय तपासणीत कर्ककोशिका सापडतात. म्हणून ही तपासणी महत्त्वाची मानतात.

(३) मूळ अर्बुदाचा अभाव : काही रोग्यांच्या ग्रंथींत कर्करोग आढळतो, पण त्वचेवर मूळ अर्बुद कोठेच दिसत नाही. ही स्थिती अधिक गंभीर वाटली, तरी वस्तुस्थिती उलट आहे. वरील पाहणीत स्पष्टपणे वाढलेल्या ग्रंथी असलेल्या रोग्यांपैकी, मूळ अर्बुद न सापडलेल्यांत पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सु. ४२%, तर ते सापडलेल्यांत सु. २७% होते. प्रतिरक्षा यंत्रणेनेच मूळ अर्बुद नष्ट केले असावे, असे याचे स्पष्टीकरण देतात.

(४) प्रतिरक्षेची स्थिती : अवयव प्रतिरोपणानंतर प्रतिरक्षा दाबणारी औषधे घेणारे, चिरकारी लसीका-श्वेतकोशिकार्बुदाचे (रक्ताच्या एका कर्करोगाचे) रोगी आणि एड्सग्रस्त यांना हा रोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पट अधिक असते व झाल्यास तो अधिक वेगाने वाढतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४७१ रोग्यांच्या अभ्यासात, तीन वर्षांपर्यंत या कर्करोगाने मृत्यू न येण्याचे प्रमाण दुर्बल प्रतिरक्षा असलेल्यांत ४०%, तर इतरांत ७४% होते. रोगाची अवस्था सारखी असतानाही हा फरक टिकून राहतो. याउलट, अर्बुदात टी लसीकाकोशिका मोठ्या संख्येने शिरलेल्या असल्यास फलानुमान चांगले असते.

(५) इतर घटक : वाढते वय, पुरुष असणे आणि लसीकावाहिन्यांत कर्ककोशिकांचा शिरकाव ही प्रतिकूल लक्षणे होत. विषाणुविरहित अर्बुदे अधिक आक्रमक असल्याचे काही अभ्यासांत दिसून आले आहे.

निदान : त्वचेवर लालसर किंवा जांभळट, घट्ट, गुळगुळीत गाठ येते व ती काही आठवड्यांत वा महिन्यांत झपाट्याने वाढते. ती दुखत नाही, हेच घातक ठरते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९५ रोग्यांच्या अभ्यासात ८८% गाठी वेदनारहित होत्या आणि निम्म्याहून अधिक गाठी जीवोतक परीक्षेपूर्वी डॉक्टरांना साध्या वाटल्या होत्या; सर्वांत जास्त गल्लत द्रवार्बुदाशी झाली होती. म्हणून उतारवयात उन्हाला उघड्या भागावर आलेली, न दुखणारी परंतु वेगाने वाढणारी गाठ तपासून घेणे आवश्यक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली हे अर्बुद फुप्फुसाच्या लघुकोशिका कर्करोगासारखे दिसते. विशिष्ट प्रथिनांच्या रंजन परीक्षांनी दोहोंतील भेद ओळखता येतो.

उपचार : अर्बुद सभोवतालच्या निरोगी त्वचेच्या पट्ट्यासह शस्त्रक्रियेने काढून टाकतात. हे अर्बुद प्रारणास संवेदनशील असल्याने बहुधा त्या जागी व ग्रंथींच्या भागावर किरणोपचारही करतात. पसरलेल्या रोगावर रासायनी चिकित्सेचा परिणाम प्रारंभी चांगला दिसतो, पण तो बहुधा काही महिन्यांतच ओसरतो. प्रतिरक्षेवरील रासायनिक अटकाव दूर करणाऱ्या औषधांनी या स्थितीत मोठा बदल घडविला. त्यांपैकी ॲव्हेल्युमॅबला २०१७ मध्ये व पेंब्रोलिझुमॅबला २०१८ मध्ये अमेरिकेत या रोगासाठी मान्यता मिळाली. रासायनी चिकित्सेनंतरही रोग वाढत गेलेल्या ८८ रोग्यांना ॲव्हेल्युमॅब दिले असता सु. एक-तृतीयांश रोग्यांची अर्बुदे लक्षणीय प्रमाणात आकसली आणि सु. एक-चतुर्थांश रोगी पाच वर्षांनंतरही हयात होते.

रोग उलटण्याची शक्यता पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक असल्याने या काळात वरचेवर तपासणी करतात. काही रोग्यांच्या रक्तात विषाणूच्या अर्बुदकारक प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात. त्यांचे प्रमाण पुन्हा वाढू लागल्यास रोग उलटल्याची सूचना लवकर मिळते.

प्रसारानुसार वर दिलेली प्रमाणे या नव्या औषधांपूर्वीच्या काळातील आहेत. शिवाय ती रोग्यांच्या समूहाची सरासरी दर्शवितात. एखाद्या रोग्याचे भवितव्य त्यांवरून निश्चित सांगता येत नाही. रोग्याचे वय किंवा लिंग बदलता येत नाही. परंतु गाठ लवकर ओळखणे, पहारेकरी ग्रंथी तपासणे व शक्य असेल तेथे प्रतिरक्षा दाबणारी औषधे वैद्यकीय देखरेखीखाली कमी करणे हे उपाय आटोक्यातील आहेत.