मशिदीसमोरची गर्दी

पनवेलहून हार्बर लोकलने निघून वडाळ्याला गाडी बदलून वांद्र्याला जाणाऱ्यांना तो पश्चिमेचा भाग ठाऊक आहे. स्टेशनबाहेर पडले की बस डेपो आणि तिथेच जामा मशीद. १४ एप्रिल २०२० रोजी दुपारी इथे परप्रांतीय मजुरांची मोठी गर्दी जमली. पहिल्या लॉकडाऊनचे २१ दिवस त्या दिवशी संपत होते आणि सकाळीच पंतप्रधानांनी तो ३ मेपर्यंत वाढवला होता. हाताला काम नाही, घरी जायची ओढ, त्यात गाड्या सुटणार अशी आवई. शेवटी पोलिसांनी लाठीमार करून गर्दी पांगवली.

संध्याकाळी मोबाइलवर आणि काही वाहिन्यांवर निराळीच कहाणी फिरू लागली. गर्दी मशिदीसमोरच का? कोणाच्या हातात सामान का नाही? तबलिगी जमातीचे प्रकरण ताजे होते, त्यामुळे उत्तराची वाट कोणी पाहिली नाही. उत्तर अवघड नव्हते. मशीद स्टेशनला खेटून आहे, तेव्हा स्टेशनसमोर उभा राहणारा मशिदीसमोर दिसणारच. जवळच्या वस्तीतला माणूस बोचके उचलण्याआधी गाडी आहे की नाही, हे बघायला येतो. पोलिसांनी अटक केली ती गाड्यांची बातमी देणाऱ्या एका वाहिनीच्या पत्रकाराला (त्याला पुढे जामीन मिळाला) आणि मजुरांना गावी नेण्यासाठी समाजमाध्यमांवर हाक देणाऱ्या एकाला.

दोनच दिवसांनी पालघरच्या गडचिंचले गावात मुले पळवणारे समजून दोन साधू आणि त्यांच्या चालकाची हत्या झाली. त्यालाही धर्माचा रंग दिला गेला. गृहमंत्री अनिल देशमुखांनी अटकेतील १०१ जणांची यादीच जाहीर केली. तीत एकही मुसलमान नव्हता. तबलिगींवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले आणि माध्यमांच्या प्रचारावर ताशेरे ओढले. तोवर चार महिने उलटून गेले होते.

हे वाचताना आपल्याला बरे वाटते. पण ११ ऑगस्ट २०१२ही आठवावा. आझाद मैदानावर आसाम आणि म्यानमारमधील मुसलमानांसाठी निघालेल्या मोर्चात हिंसा झाली, दोन जीव गेले. त्या उन्हाळ्यात म्यानमारच्या नावाने एक फोटो फिरत होता: प्रेतांच्या राशीजवळ उभे असलेले भिक्षू. तो होता २०१०च्या चीनमधल्या भूकंपाचा, आणि ते तिबेटी भिक्षू मृतांचे अंत्यसंस्कार करत होते. रोहिंग्यांचे हाल खरे होते, फोटो खोटा होता. आपल्या बाजूचा वाटला म्हणून तो पुढे गेला.

सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची तहकीक करण्याचा हुकूम आहे. आपल्या मुहद्दिसांनी तर प्रत्येक रावीची चौकशी केली: कोणी ऐकले, कोणाकडून, कधी. फॉरवर्डला रावीच नसतो. मग जागा कोणती आणि तारीख कोणती, एवढे तरी विचारावे. फोटो गूगल लेन्समध्ये टाकला की तो आधी कुठे छापून आला होता ते बहुधा कळते. घरातल्या शाळकरी मुलांना हे येते. आजी-आजोबांच्या फोनवरही तेवढे शिकवून ठेवायला सांगा.