जुन्या गाडीची नवी चाल : वीर ते आंबेनळी, 7 गमती

वीर स्टेशनासमोरून मालट्रक चक्क रेल्वेत बसून जातात! कोकण रेल्वेची कोलाड–वेर्णा रो-रो सेवा 1999 पासून सुरू आहे. आपल्या जुन्या बोलेरो-सुमोला मात्र पोलादपूरपुढचा, महाबळेश्वरला नेणारा आंबेनळी घाट स्वतःच्याच चाकांवर चढायचा असतो. गाडी डुलत असेल, स्टेअरिंगला प्ले आला असेल, तर आधी हे वाचा.

1. सुमो म्हणजे पैलवान नव्हे. 1994 साली आलेल्या या गाडीचं नाव टाटा मोटर्सची उभारणी करणाऱ्या सुमंत मूळगावकरांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून पडलं.

2. वळण शिकवलं बग्गीने. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं. म्युनिकच्या लांकेन्सपर्गर या बग्गी बनवणाऱ्याची ही युक्ती. 1818 साली लंडनमध्ये पेटंट घेतलं त्याचा प्रतिनिधी अ‍ॅकरमन याने, आणि नाव राहिलं अ‍ॅकरमनचं!

3. शॉकअप धक्का झेलत नाही. धक्का झेलते स्प्रिंग. तिचं नाचणं थांबवणं हे शॉकअपचं काम. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळीची उष्णता होते. खड्ड्यानंतर गाडी डुलतच राहिली किंवा शॉकअपवर तेल ओघळलेलं दिसलं, तर तो बदलायची वेळ आली.

4. पाटेही ब्रेक लावतात. बोलेरोच्या मागच्या पाट्यांची पानं एकमेकांवर घासतात, त्यानेही उसळी कमी होते. पण कोकणच्या पावसात गंज चढला की पानं सरकत नाहीत आणि पाठ दुखू लागते. पाटे उघडून साफ केले तरी फरक जाणवतो.

5. सगळ्यात स्वस्त स्प्रिंग म्हणजे हवा. डनलॉपने 1888 मध्ये मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला. हवा जास्त झाली की गाडी आदळते, कमी झाली की स्टेअरिंग जड होतं. टायर तापला की दाब वाढतो, म्हणून टायर थंड असतानाच हवा मोजा.

6. छोटी टोपी, मोठं काम. बॉल जॉइंट आणि टायरॉड एंडवरचं रबर फाटलं की ग्रीस बाहेर, चिखल आत. एकाने स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवावं, दुसऱ्याने खाली वाकून पाहावं. ढिला सांधा लगेच सापडतो.

7. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. झिजलेले बुश आणि सांधे तसेच ठेवून केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. आधी हवा, मग सांधे-बुश, मग शॉकअप, आणि त्यानंतरच अलाइनमेंट. हा क्रम पाळला तर पैसेही वाचतात.

काम जमलं का, हे घाटच सांगतो. वळण संपताना पकड जरा सैल करा. चाकांच्या कॅस्टर कोनामुळे स्टेअरिंग तळव्यातून सरकत आपणहून सरळ होऊ लागलं, की समजा, गाडी घरच्यांना घेऊन महाबळेश्वरला निघायला तयार आहे.